क्लोव्हरचा गालिचा दुसऱ्या उन्हाळ्यात का विरतो?

महोदय,

हिरवळीऐवजी क्लोव्हर, म्हणजे जमिनीवर पसरणारी तीन-तीन पानांची शेंगवर्गीय वनस्पती, लावा म्हणजे कापणी नको, खत नको, पाणीही नको, असा सल्ला हल्ली बागकामाच्या सदरांतून सर्रास दिला जातो. त्यातलं कापणीचं बरंचसं खरं आहे, खताचं अर्धं आणि पाण्याचं जवळजवळ काहीच नाही. पहिल्या वर्षी जमीन भरगच्च झाकली जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जागोजागी टक्कल पडतं, या नेहमीच्या तक्रारीचं मूळ याच सल्ल्यात आहे.

पांढऱ्या क्लोव्हरच्या बियांपासून उगवलेल्या रोपाला सुरुवातीला सोटमूळ असतं. ते वर्ष-दोन वर्षांत मरतं. पुढे झाड जगतं ते जमिनीवरून सरपटणाऱ्या धुमाऱ्यांच्या पेरांतून फुटलेल्या बारीक मुळांवर आणि ही मुळं वरच्या थरातच असतात. म्हणजे पहिला उन्हाळा सोटमुळाने तारून नेलेला असतो. दुसऱ्या वेळी ते नसतं आणि ‘याला पाणी लागत नाही’ म्हणून आपण हात आखडता घेतलेला असतो. उपाय दोन. हवा सौम्य असताना चाळलेल्या कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर पानांवरून पसरून हाताने किंवा मऊ झाडूने खाली उतरवावा. पेरं मातीला टेकली की नवी मुळं धरतात. आणि उन्हाळ्यात वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली की पाणी द्यावं, रोज शिंपडा मारण्याऐवजी दहा-पंधरा सेंटिमीटर खोल मुरेल असं.

पेरणीतही घाई नडते. एका ग्रॅममध्ये साधारण दीड हजार बिया असतात, त्यामुळे नुसत्या क्लोव्हरसाठी चौरस मीटरला दोन ते तीन ग्रॅम पुरे. बियाणं आवरण चढवलेलं असेल तर वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग आवरणाचाच असतो, तेव्हा माप त्या प्रमाणात वाढवावं. बियाण्याच्या दहापट कोरडी वाळू मिसळून अर्धं आडवं, अर्धं उभं फेकलं की पट्टे पडत नाहीत. वाफसा असलेल्या, ढेकळं फोडून सपाट केलेल्या जमिनीवर पेरून दाताळ्याने हलकेच ओढावं आणि फळीने दाबावं. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको, जास्त खोल गेलेलं बहुधा वर येतच नाही, त्याच्याजवळ तेवढी शिदोरीच नसते. पंधरा ते पंचवीस अंश तापमानात आठवड्याभरात कोंब दिसतात. काही बियांचं कवच टणक असल्यामुळे त्या महिन्यांनीही उगवतात. म्हणून विरळ जागा दिसताच लगेच दुसरी पेरणी करू नये. पहिले दोन आठवडे बारीक झारीने दिवसातून दोनदा पाणी आणि पहिले दोन महिने हाताने खुरपणी, याला पर्याय नाही. रुंद पानांच्या तणांवरची बहुतेक तणनाशकं क्लोव्हरलाही मारतात. ही सोय गेली, हे लावण्याआधीच मान्य करावं.

आता खताचं. हवेतला नत्र क्लोव्हर स्वतः धरत नाही, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू धरतात. जिथे क्लोव्हर पूर्वी कधी वाढलेलं नाही, तिथे ते मातीत असतीलच असं नाही. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं जिवाणूखत इथे चालत नाही, क्लोव्हर गटाचंच रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) हवं. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्याला चोळावं, सावलीत सुकवावं आणि त्याच दिवशी पेरावं. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ते फुकट जातं. सहा-आठ आठवड्यांनी एक रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून पाण्यात धुवावं आणि गाठ नखाने चिरून पाहावी. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल आणि पानंही पिवळी असतील, तर तेच जिवाणूखत पाण्यात मिसळून संध्याकाळी मुळाशी द्यावं. युरिया टाकणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती, कारण आयता नत्र मिळाला की गाठींचं काम मंदावतं आणि गवत क्लोव्हरवर मात करतं. स्फुरद आणि पालाश मात्र लागतात, मातीचा सामू (पीएच) सहा ते सात असावा. शिवाय धरलेला नत्र शेजारच्या झाडांना लगेच मिळत नाही. पानं, मुळं, गाठी कुजल्यावर मिळतो. म्हणून कापलेला पाला उचलून फेकू नये.

रंगीत पानांच्या शोभेच्या जातींचं गणित वेगळं. गडद तपकिरी पान आणि हिरवी कड असलेली ‘पर्प्युरासेन्स क्वाड्रिफोलियम’ किंवा लाल शिंतोड्यांची ‘ड्रॅगन्स ब्लड’ यांच्या बियांतून तोच रंग येईल याचा भरवसा नाही. त्या धुमाऱ्यांपासूनच वाढवाव्यात. दोन-तीन पेरं असलेला आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा ओल्या मातीवर आडवा ठेवून पेरं दाबायची, शेंडा उघडा ठेवायचा. मुळं धरली की वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावर लावायचं. सावलीत रंग फिका पडतो, दुपारच्या कडक उन्हात कडा करपतात, सकाळचं चार-पाच तासांचं ऊन उत्तम. यांची फुलं बी धरण्याआधी खुडावीत, नाहीतर पडलेल्या बियांची हिरवी रोपं जोमाने वाढून रंगीत झाडाला झाकून टाकतात. हिरवा फुटवा दिसला की बुडापासून काढावा.

साध्या क्लोव्हरचीही फुलं मुलं अनवाणी खेळतात तिथे कळीतच कापावीत, मधमाश्या हमखास येतात. कापणी सहा-सात सेंटिमीटरच्या खाली नको, उघडे पडलेले धुमारे उन्हात भाजतात. दाट, कोंदट जागी भुरी येते. कापून हवा खेळती केली की बहुतेक वेळा भागतं. गोगलगाई रात्री वेचाव्यात. धुमारे वरूनच पसरतात, त्यामुळे वाफ्याच्या कडेला दहा सेंटिमीटर खोल पट्टी पुरते, फक्त तिच्यावरून उडी मारणारे शेंडे अधूनमधून छाटावे लागतात.

शेवटी एक विनंती. अशा लेखांबरोबर कधी आंबुशीच्या कुळातल्या झाडाचं छायाचित्र छापलं जातं, तर कधी बरसीमचं बियाणं सुचवलं जातं. आंबुशीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि चवीला आंबट. पांढऱ्या क्लोव्हरचं लंबगोल, बहुधा पांढऱ्या कमानीसारख्या खुणेचं. बरसीम हे चाऱ्याचं एकवर्षायू पीक, उभं वाढून वाळून जाणारं. त्याने जमीन कायमची झाकली जात नाही. तेव्हा लेखात ‘ट्रायफोलियम रेपन्स’ हे नाव पूर्ण छापावं, म्हणजे वाचक बियाण्याच्या पाकिटावर तेच शोधतील.

आपला,
एक रोपवाटिकाचालक