आकृती आमच्याकडूनच काढवून घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्याला खासगीतही पाठवता आले असते. पण आपण केलेली मदत अशी आहे की तिची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून ती उघडपणे लिहून ठेवावी असे आम्हा सर्वांना वाटले. गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख सापडते. ती ओळ लिहिण्याआधी टीमने काय विचार केला आणि तो एकत्र बसून करायला कोणी शिकवले, हे मात्र त्या इतिहासात येत नाही.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील आमच्या छोट्या कंपनीत आपण आलात, तेव्हा बाजार समितीतील अडत्यांसाठीच्या नव्या प्रणालीचे काम सुरू व्हायचे होते. मालाची आवक, लिलाव, तोल आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी, असा तिचा पसारा. आमची रीत बहुतेक ठिकाणी असते तीच होती : सर्वांत अनुभवी माणसाने फळ्यावर प्रणालीच्या रचनेची आकृती काढायची, बाकीच्यांनी मान डोलवायची आणि आक्षेप असलेच तर ते खाली चहाच्या टपरीवर निघायचे. आपण त्याहून सरस आकृती काढून द्याल, अशी आमची अपेक्षा होती. आपण मार्कर हातातही घेतला नाही, आणि सुरुवातीला आमच्यापैकी काहींना याचा रागच आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

आपली पहिली अट अशी की, चर्चेआधी प्रत्येकाने न बोलता आपापले लिहायचे. कारण एकदा ज्येष्ठ बोलले की बाकीच्यांचे विचार त्यांच्याच भोवती फिरू लागतात. दुसरी अट अशी की, ग्राहकांचे फोन घेणारी आमची सहकारी आणि टेस्टर हे दोघे खोलीत असल्याशिवाय बैठक सुरू होणार नाही. मग आल्बेर्तो ब्रँडोलिनी यांनी २०१३ च्या सुमारास मांडलेल्या इव्हेंट स्टॉर्मिंगच्या पद्धतीने, व्यवहारात घडणारी प्रत्येक घटना एकेका नारंगी चिठ्ठीवर लिहून भिंतीवर क्रमाने लावायला आपण सांगितले. (चिठ्ठ्यांचा रंग त्या पद्धतीतच ठरलेला आहे, नागपुरात तो वेगळा असता तरच नवल.)

‘तोल नोंदवला गेला’ या चिठ्ठीपाशी फोन घेणाऱ्या सहकारीने विचारले की, ही घटना दोनदा घडली तर काय? जुन्या प्रणालीच्या तक्रारी तिने ऐकल्या होत्या. बाजारात नेट मध्येच जाते, सर्व्हरचे उत्तर येत नाही, म्हणून मुनीम बटण पुन्हा दाबतो किंवा ॲप ती नोंद आपणहून पुन्हा पाठवते. पहिली नोंद मात्र तोवर पोहोचलेली असू शकते, आणि मग एकाच मालाचे वजन दोनदा धरले जाऊन पट्टी चुकते. तोपर्यंत आमचा सगळा वाद डेटाबेस कोणता घ्यावा यावर चालला होता. पुढचे दोन तास आपण जवळजवळ गप्प होता, आणि आम्ही धडपडत उत्तरापर्यंत आलो : प्रत्येक तोलाला मुनीमाच्या फोनमधल्या ॲपमध्येच, नोंद तयार होताक्षणी, स्वतंत्र ओळखक्रमांक द्यायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत पाठवायचे. वजन दुरुस्त करायचे असेल, तर खतावणीतल्याप्रमाणे जुने न खोडता उलट नोंद करून नवी घालायची, हेही तेव्हाच ठरले. तीच नोंद कितीदाही आली तरी परिणाम एकदाच व्हावा, याला आयडेम्पोटन्सी म्हणतात, हे आपण उत्तर सापडल्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर तो शब्द आम्ही वहीत उतरवून घेतला असता आणि विसरलो असतो.

मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिले होते की, एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतील संवादाचीच रचना उतरते. आपण आमच्या आकृतीशेजारी आमच्याच बसण्याच्या जागांचा नकाशा काढायला लावला, तेव्हा तोल आणि हिशेब या प्रणालीतल्या दोन वेगळ्या सेवा, म्हणजे स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम, का झाल्या आहेत ते दिसले : ती कामे करणाऱ्या टीम दोन मजल्यांवर बसत होत्या, एवढेच कारण. सेवा एक करायचे ठरले, पण आकृतीतली रेघ पुसण्यापेक्षा खुर्च्या हलवणे फार अवघड गेले.

सर्वांत नाजूक प्रसंग आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा होता. आपल्याकडे ज्यांना ‘सर’ म्हणायचे त्यांच्या आकृतीत सर्वांसमक्ष खोट काढणे कनिष्ठांना जमत नाही, आणि ते जमत नाही यात सगळा दोष त्यांचा नसतो. आपण सरांनाच त्यांच्या रचनेविरुद्ध बोलायला सांगितले, आणि टीममधील सर्वांत नव्या मुलीला त्या रचनेची बाजू मांडायला. सरांनी स्वतःच जे कच्चे दुवे दाखवले ते आमच्या कोणाच्याही लक्षात आले नव्हते, आणि त्यांचा मान कुठेही कमी झाला नाही.

निर्णय लिहून ठेवण्याची सवय हाही आपलाच ठेवा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेल्या छोट्या टिपणात पार्श्वभूमी, निर्णय, त्याची स्थिती आणि परिणाम एवढेच असते. नाकारलेले पर्यायही त्यात कारणांसह लिहा, ही भर आपली.

एका बाबतीत मात्र आमचे पूर्ण समाधान झालेले नाही. एवढी सामूहिक खटपट वेळखाऊ आहे, आणि सहज मागे घेता येतील असे निर्णय दोघांनी बसून उरकावेत, असे आपणच म्हणाला होता. पण कोणता निर्णय सहज मागे घेता येईल, हे आधी ओळखणे आम्हाला अजून नीट साधत नाही.

या बैठका आता फोन घेणारी तीच सहकारी चालवते, आणि तिने आपल्याला वेगळे धन्यवाद कळवायला सांगितले आहे. लिलावाच्या भागाची रचना अद्याप बाकी आहे. सवड झाल्यास एखाद्या बैठकीला अवश्य यावे. चिठ्ठ्या आम्हीच लिहू.

आपले कृतज्ञ,
आयटी पार्क, नागपूर येथील आपली टीम