काका, त्या पोस्टकार्डासाठी थँक्यू

काका, हे तुमच्या तोंडावरच सांगायला हवं होतं, पण तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता ना, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

२८ जुलै २०२५, श्रावणातला पहिला सोमवार. तिकडे जॉर्जियात बातुमीला बुद्धिबळाच्या महिला वर्ल्ड कपची फायनल, कोनेरू हंपी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले, आता रॅपिड, म्हणजे झटपट डाव, प्रत्येकीला १५ मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला १० सेकंद. मी उपासाची उसळ घेऊन खाली तुमच्याकडे आले तर आमचं कार्टं टीव्हीसमोर बसून ओरडतंय, "एवढं पण दिसत नाही का हंपीला!" आता जी बाई १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि रॅपिडचीच वर्ल्ड चॅम्पियन दोनदा, २०१९ आणि २०२४ ला, तिला हा शिकवतोय, कारण काय तर स्क्रीनच्या कडेची पट्टी कोण वरचढ आहे याबद्दल कॉम्प्युटरचं मत सांगत होती.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठलात, कपाटातलं एक जुनं पोस्टकार्ड काढलंत आणि त्या पट्टीवर चिकटवलंत. "हं, आता सांग."

पाच मिनिटं घरात चिडीचूप, मी पहिल्यांदाच बघत होते ते! मग दिवाणावर पट मांडलात, तीच पोझिशन लावलीत, तुमचं चावीचं घड्याळ (त्यात १० सेकंद वाढत नाहीत म्हणा) आणून त्याला दोनच मिनिटं दिलीत, तर साहेबांनी तिसऱ्याच चालीला हत्ती फुकट घातला. तुम्ही हसला पण नाहीत, नुसते मोहरे परत लावलेत. त्यासाठी वेगळे आभार.

दुसरा रॅपिड दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली, १९ व्या वर्षी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मी पण रडले हे तुम्ही बघितलंत. शेवटी शेवटी घड्याळाच्या घाईत दोघींच्याही चुका झाल्या हे आम्हाला नंतर कळलं, तेव्हा खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घरी जिना चढताना पोरगं म्हणालं, हंपी पण भारी खेळली ना गं.

आता फोनवर मॅच बघताना तो त्या पट्टीवर अंगठा ठेवतो. उसळीचा डबा तुमच्याकडेच राहिलाय, रविवारी त्यालाच पाठवते, पट मांडून ठेवा.