कॅमेरा काढायला येतेय

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर हे बोलायला गेले की आई ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून तुम्हीच आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

जुलैतली ती पहाट आठवते ना, मी अचानक उत्तनला टपकले ती? मुंबईत काम होतं म्हणाले होते. खोटं होतं ते. रात्री साडेअकराला ओटीवरचा कॅमेरा बंद पडला. दोघांचेही फोन लागेनात. बाबा घसरून पडले तेव्हापासून रोज झोपण्याआधी मी मोबाइलवर तुमची ओटी बघते. खुर्ची रिकामी दिसली, म्हणजे बाबा आत जाऊन झोपले, की मग दिवा मालवते. त्या रात्री नुसता काळा चौकोन. एक वाजता पुण्याहून गाडी काढली.

खंडाळ्याला धुकं असं, की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. एका बंद टपरीपुढे गाडी लावून बसले. तोवर वीस-बावीस वेळा फोन लावून झाला होता. मग ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू केलं, आणि ‘तुझी इच्छा’पाशी जीभच अडली. पहिल्या कम्युनियनच्याही आधीपासून म्हणतेय हे, पण तेवढे शब्द मी नेहमी घाईत उरकले. इच्छा माझी, सही त्याची, असा माझा कारभार. ऑफिसात मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक लावते, तसंच तुमचे गुडघे, आईची शुगर, पोराची दहावी, सगळं तक्त्यात बसवायचं आणि मिस्साला जाऊन मंजुरी मागायची.

शेवटी म्हटलं ते वाक्य. एकेक शब्द, रडत. धुकं काही हललं नाही, तासभर तसंच होतं. फक्त मी फोन बाजूच्या सीटवर पालथा ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

सहाला पोचले तर गावभर वीज गेलेली. आई दारात बसून सुका जवळा निवडतेय. ‘एवढ्या पहाटे? चाय ठेवू?’ बाबांचं घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. इतका राग आला म्हणून सांगू! मग सूप पुढे ओढून मीही निवडायला बसले. मासेमारी बंदी होती, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या, कुणालाच कसली घाई नव्हती.

परत जाताना मला मे 2021 मधलं तौक्ते आठवलं. आपली बोट बंदरात, वारा घोंघावतोय. बाबांनी जाऊन दोन दोर जास्त बांधले, घरी आले, जपमाळ केली आणि चक्क आडवे झाले. आई ओरडली, ‘झोप येतेच कशी?’ तुम्ही म्हणालात, ‘तोही झोपला होता की. सुकाणूपाशी, उशी घेऊन.’ मी शुभवर्तमानात काढून पाहिलं. मार्कच्या 4थ्या अध्यायात आहे खरं: वादळात येशू बोटीच्या मागच्या टोकाला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. मागचं टोक म्हणजे सुकाणूची जागा, हे तांडेलालाच सुचायचं. आमच्या फादरांनी कधी नाही सांगितलं.

आणि डोल जाळं. तुमचा जन्म गेला त्यात. जाळ्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून बांधायचं आणि थांबायचं. मासळी आणणार ओढ. उधाणाला जोर, भांगाला, लहान भरतीच्या दिवसांत, पाणी मंद. भांगाच्या दिवसांत तुम्ही चिडलेले मला आठवत नाही. जाळी शिवत बसायचात. फाटकं जाळं मात्र पाण्यात कधी टाकलं नाहीत. मी मात्र भांगातसुद्धा ओढ लावू बघत होते, बाबा.

पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिलं, की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. ‘शिकलो’ म्हणतो तो. माझी आत्ता कुठे पहिली इयत्ता. काल रात्रीही दोनदा उठून फोन पाहिला. पण पूर्वी छातीत जो दगड असायचा, तो बरेच दिवस नाही.

पुण्याच्या फ्लॅटचा विषय मी सोडला. तुम्हाला उत्तनलाच राहायचंय, राहा. आणि संध्याकाळी जपमाळेच्या वेळी बाबा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात, ते मला माहीत आहे. आधी राग यायचा. आता लाज वाटते, आई-बाप प्रार्थनेला बसलेत आणि लेक पहाऱ्यावर.

बीपीची गोळी मात्र चुकवायची नाही. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’चा तो अर्थ नव्हे, बाबा. दोर बांधायचेच.

शनिवारी येतेय, कॅमेरा काढून टाकू. स्क्रूड्रायव्हर घरात आहे, की बोटीवरच राहिलाय?

तुमची,
बाय