विंग कमांडरच्या बाहीवर किती पट्ट्या?

महोदय,

एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर मूळचे मुंबईचे. जन्म 14 ऑगस्ट 1920. ते 1940 मध्ये हवाई दलात दाखल झाले, तेव्हा दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला जेमतेम सात वर्षे झाली होती. ब्रह्मदेशची आघाडी, काश्मीर मोहीम, महावीर चक्र आणि 1976 ते 1978 हवाई दलप्रमुखपद. त्यांचा पुतळा जन्मगावी असावा असे आम्हाला वाटते. मात्र पुतळा समित्यांची पहिली बैठक ‘किती फुटी?’ या प्रश्नावर रंगते. आधी विचारायला हवे ते हे, की पुतळा कोणत्या सालातला?

काश्मीर मोहिमेतला 1948 चा विंग कमांडर दाखवायचा तर बाहीवर हुद्द्याच्या तीन सारख्या पट्ट्या. दलप्रमुख दाखवायचे तर एक रुंद आणि तीन अरुंद. 1948 मध्ये दलाच्या नावात ‘रॉयल’ होते, म्हणून डाव्या खिशावरच्या विंग्जवर, म्हणजे वैमानिकाच्या पंखांच्या बिल्ल्यावर, राजमुकुट येतो. अशोकस्तंभाचे सिंह आले ते 26 जानेवारी 1950 नंतर. महावीर चक्र हा सन्मानही त्याच दिवशी स्थापन झाला आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरला गेला. म्हणजे 1948 च्या पुतळ्याच्या छातीवर त्याची पांढरी-केशरी फीत लावली की चूक झालीच, शौर्य 1948 चे असले तरी. नेहमी घडते ते असे: शिल्पकाराच्या हाती एकच छायाचित्र दिले जाते, ते बहुधा उतारवयातले असते, मग चेहरा साठीचा, गणवेश तिशीचा आणि हातात आजच्या जेट वैमानिकाचे कडक शिरस्त्राण! त्या काळी कानटोपीसारखे मऊ शिरस्त्राण आणि गॉगल असत. शेजारी विमान हवेच असेल तर काश्मीर मोहिमेतले टेम्पेस्ट दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. मापे तिथून घ्यावीत. त्याच्या पंख्याला चार पाती आहेत, तीन नव्हेत.

हे सगळे मातीच्या पूर्णाकृती नमुन्यावरच तपासायला हवे. कला संचालनालयाची मंजुरी छोट्या नमुन्यावर मिळते आणि समिती तिथेच निर्धास्त होते. माती ओली आहे तोवर पट्टी बदलायला दहा मिनिटे पुरतात. ओतकामानंतर तेच काम म्हणजे कापणे, जोडणे आणि पुन्हा रंगछटा जुळवणे. निवृत्त हवाई दल अधिकारी आणि कुटुंबीयांना तेव्हाच बोलवावे. आणि नमुना समोरून पाहू नये. चौथऱ्याइतक्या उंचीवर चढवून खालून पाहावा. खालून हनुवटी मोठी आणि कपाळ बुटके दिसते, म्हणून डोके किंचित मोठे आणि पुढे झुकलेले घडवावे लागते.

आता धातू. पुतळ्याच्या कांस्याचे नेहमीचे मिश्रण तांबे 85 टक्के आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी 5 टक्के. जाडी 6 ते 8 मिलिमीटर हवी. दहा फुटी पुतळ्याचे पृष्ठफळ सहा-सात चौरस मीटर धरले तर 6 मिलिमीटर जाडीला नुसता धातूच सव्वातीनशे ते पावणेचारशे किलो होतो. वजनकाट्यावर आकडा फारच कमी आला तर पत्रा पातळ ओतला आहे असे खुशाल समजावे. (सांगाड्याचे वजन आधी वजा करावे, नाहीतर लोखंडच कांस्याच्या भावाने गळ्यात पडते.)

खरा घात होतो आत. सांगाडा साध्या लोखंडाचा असेल तर मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत कांस्याला लागून तो झपाट्याने गंजतो, गंज फुगतो आणि शिवणी उकलतात. सांगाडा 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा हवा, धातू धातूला टेकतो तिथे निओप्रीन या कृत्रिम रबराची चकती हवी आणि बुटाच्या तळाशी पाणी निथळायला 10-12 मिलिमीटरची भोके हवीत. ही भोके हमखास विसरली जातात, किंवा चौथऱ्याचा ग्रॅनाइट बसवणारा गवंडी ती सिमेंटने बुजवून टाकतो. मग चार महिन्यांचा पाऊस बुटात साठतो.

मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. त्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 118 किलो, उंची-आकाराचे गुणक वेगळेच. उडता स्कार्फ आणि हातभर पुढे काढलेला विमानाचा पंख छायाचित्रात शोभतात, पण तो सगळा जोर घोट्यांवर येतो. म्हणून सांगाडा बुटातून खाली चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये उतरला पाहिजे, चार बोल्टवर भागत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिने भरायच्या आत, 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. उंची दुप्पट केली की वाऱ्याला अडवणारे क्षेत्र चौपट होते. आमच्या मते आठ-दहा फूट पुष्कळ झाले.

जागेबद्दल थोडेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 जानेवारी 2013 च्या आदेशामुळे रस्ता आणि पदपथ बाद. समुद्रालगतची जागाही टाळावी.

शेवटी देखभाल. जयंतीच्या आदल्या दिवशी चिंचेने घासणे आणि सोनेरी ऑइल पेंट फासणे बंद व्हावे. चिंचेने रंगछटा जाते, पेंटखाली भेगा लपतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये साध्या पाण्याने, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण कोरडा करून मेणाचा पातळ हात द्यावा. फिकट हिरवी भुकटी दिसली तर त्यावर मेण लावू नये, आधी जाणकाराला दाखवावी. हार घालायला मागच्या बाजूने कायमच्या पायऱ्या बांधाव्यात, म्हणजे कोणी पुतळ्याच्या हाताला शिडी टेकवणार नाही. आणि पुढील दहा वर्षांच्या या कामाची रक्कम निविदेतच धरावी. अनावरणानंतर ती मागायला गेले की फाइल कोणत्या खात्याची, इथूनच सुरुवात होते.

– धातू ओतकाम व्यवसायातील काही वाचक, मुंबई