पेशंट होणाऱ्या काकूंना, जाहीर आभार

प्रिय काकू,

एमबीबीएसच्या २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’च्या (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) नावाने संवादाचे तास आले. ते घ्यायचे कसे हे आम्हा शिक्षकांना मात्र तुम्ही पेशंटची भूमिका घेऊन मुलांसमोर खुर्चीत बसायला लागलात तेव्हा उमगलं.

वाईट बातमी सांगायच्या सहा पायऱ्या, ‘स्पाइक्स’, मुलांना तोंडपाठ असतात. पण तुम्ही फुफ्फुसं निकामी होत चाललेली बाई झालात की पोरगा थेट विचारतो, “व्हेंटिलेटर लावायचा का?” जणू जेवणाची ऑर्डरच घेतोय! तुम्ही रडत नाही. (मुलं रडण्याची तयारी करून आलेली असतात.) शांतपणे म्हणता, “माझ्या मुलाला विचारा, तोच सगळं बघतो.” आणि तुमचा मुलगा झालेला आमचा समाजसेवा अधीक्षक त्याला दाराशी गाठतो, “आईला काही सांगू नका हं.” आता बोला! आपल्या प्रत्येक वॉर्डात हेच चालतं.

कायदा मुलांना येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये लिव्हिंग विलला (आपल्याला बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद) मान्यता दिली, २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. परीक्षेत हे लिहून मार्क मिळतात. पण त्या कागदावर काय उतरवायचं ते ठरायला आधी माणसाला विचारावं लागतं: घरी राहायचंय की दवाखान्यात, कशाची भीती वाटते, स्वतःला बोलता आलं नाही तर कोणी ठरवायचं.

तुमचा तो प्रश्न तर सगळ्यांनाच गारद करतो. “मशीन नको म्हटलं तर तुम्ही मला सोडून देणार का?” बहुतेक जण कायदा सांगू लागतात. यंदा एका मुलीने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, “नाही आजी. दम लागला तर त्याचं औषध देणार, दुखलं तर त्याचं. आणि मी रोज येणार.” तुम्ही नंतर तिला सांगितलंत, “उत्तर छान, पण दोनदा घड्याळ पाहिलंस.” असा शेरा आमच्या कुठल्याच गुणपत्रिकेत बसत नाही.

मानधनाचं पाकीट तुम्ही दरवेळी परत करता, म्हणून निदान हे पत्र तरी ठेवून घ्या. आणि पुढच्या बॅचला काकांनाही आणा. मुलाला समजावणं पोरांना थोडंफार जमू लागलंय. नवऱ्याशी कसं बोलायचं, हे अजून कोणालाच येत नाही.

तुमची,
मेडिसिनची एक शिक्षिका