ड्युटी संपली तरी वॉर्डात

डिचोली, गोवा

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

नर्सच्या ड्युटीतून दोनला सुटणारी तू साडेतीन-चारशिवाय वॉर्डातून निघत नाहीस, म्हणतेस. सगळे उशीर एका जातीचे नसतात, एवढं आधी ध्यानात घे.

रक्ताची पिशवी रक्तपेढीतून निघाली की अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, कारण जोराची रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच येते. पावणेदोनला पिशवी लावलीस तर तेवढा वेळ काढ, नाडी, ताप, बीपी लिही आणि मगच निघ. सीपीआर चालू असेल तर घड्याळ बघूच नये. अशा उशिराला माझी हरकत नाही.

रोजचा उशीर मात्र बहुतेक लिखाणाचा असतो. सकाळचं सगळं दीड वाजता आठवून लिहायला बसलं की पहिला घोळ इनटेक-आउटपुट चार्टात, म्हणजे पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं नि किती बाहेर पडलं त्या तक्त्यात होतो. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, सहा तासांनी एकदाच बघितलीस आणि त्यात १२० मिली निघाली, तर ती कधीपासून कमी झाली हे कोण सांगणार? अशा पेशंटचं माप तासातासाला, खाटेजवळ उभी राहूनच टाक. सलाइनचंही तसंच. ५०० मिली चार तासांत द्यायची असेल तर मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला साधारण ४२ थेंब पडतात. पेशंटने हात दुमडला की वेग बदलतो, म्हणून बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून तासांच्या खुणा कर. मार्करने थेट प्लास्टिकवर लिहू नकोस.

डॉक्टरांनी तोंडी ऑर्डर दिली तर तिथल्या तिथे लिही, त्यांना वाचून दाखव आणि ते वॉर्ड सोडायच्या आत सही घे. नाहीतर दोन वाजता त्यांना शोधत ऑपरेशन थिएटरपर्यंत जायची पाळी तुझ्यावरच.

पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंट सोपवायची ओव्हर टेबलाशी बसून देऊ नकोस, खाटेशी दे, आणि आधी सिरियस पेशंटची. कॅन्युला, ड्रेन, कॅथेटर या पेशंटला लावलेल्या नळ्या दोघींनी डोळ्यांनी बघायचं. मॉर्फिनचे अँप्युल रजिस्टरशी ताडून दोघींनी सह्या करायच्या. आज काय झालं हे सगळ्याच सांगतात, काय राहिलं हे सांगायचं राहून जातं. ‘पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, आला की डॉक्टरांना कळव’ हे एक वाक्य सुटलं की घरी पोचल्यावर फोन आलाच.

आता माणसंच कमी असली तर? तो दोष तुझा नव्हे, आणि तुझ्या हाताच्या चपळाईने तो भरूनही निघणार नाही. इन्चार्ज सिस्टरना दीडलाच कळव आणि रजिस्टरात निघायची खरी वेळ टाक. दोनची सही करून चारपर्यंत राबलीस तर ते दोन तास कागदावर नाहीत, आणि पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट तेवढ्याच माणसांत बसवली जाईल. सही केल्यावर ‘जाता जाता एवढं इंजेक्शन दे गं’ म्हणून कोणी सांगितलं तर देऊ नकोस. ओव्हर दिल्यावर पेशंट दुसरीचा, आणि एकच डोस दोघींकडून जातो तो अशाच वेळी.

डबल ड्युटीला तर हो म्हणताना विचार कर. अमेरिकेत २००४ साली नर्सेसच्या पाहणीत साडेबारा तासांहून लांबलेल्या ड्युटीत चुकीची शक्यता तिपटीच्या घरात गेलेली दिसली. राहावंच लागलं तर इन्सुलिन आणि पोटॅशियम क्लोराइड भरताना दुसरीला दाखवल्याशिवाय देऊ नकोस. नाइट जोडून झाली असेल तर पावसात स्कूटर काढू नकोस, कदंबाच्या बसने ये.

गणेशचवथीची रजा लिस्ट बनायच्या आधीच लेखी माग. तुझ्या वॉर्डातल्या ख्रिस्ती सिस्टरना नाताळ हवा असेल, त्यांच्याशी अदलाबदल आत्ताच ठरवून इन्चार्जना सांगून ठेव. आयत्या वेळी केलेल्या अदलाबदलीत दोन ड्युट्या सलग पडतात.

तुझी,
आई