माझ्या फोनमुळे अर्धा राहिलेला तास

मित्रा,

मागच्या आठवड्यात फोनवर तू हसला आणि मी रागात फोन ठेवून दिला. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच भांडून राहिलो होतो, म्हणून म्हटलं आता लिहूनच काढतो. लांब होणार आहे, ऑफिसमध्ये नको वाचू, घरी चहा घेऊन बस आणि वाच.

झालं काय ते नीट सांगतो, फोनवर मी अर्धंच सांगितलं होतं. संविधान दिनाच्या आठवड्यात पोरीच्या शाळेत, सातवीच्या वर्गावर, नवीन आलेल्या मॅडमनी एक प्रयोग केला. विषम रोल नंबरवाल्यांना पिवळी रिबन, सेफ्टी पिनने युनिफॉर्मच्या स्वेटरवर लावायची. ते आज दिवसभर खाली तरटावर बसणार, आधी हात वर केला तरी त्यांना शेवटी विचारणार, आणि कूलरला हात लावायचा नाही. तहान लागली तर बिनारिबनवाला कोणीतरी जगमधून वरून ओतणार आणि यांनी ओंजळीने प्यायचं. बाबासाहेबांचं साताऱ्याच्या शाळेतलं जे आहे ना, घरून गोणपाट नेऊन त्यावर वेगळं बसायचं, रोज ते परत घरी आणायचं, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर दिवसभर तहानलेलंच, तेच पोरांना करून दाखवायचं होतं. पुस्तकातल्या चार ओळी वाचून काही डोक्यात शिरत नाही, अंगावर आलं पाहिजे, असं मॅडमचं म्हणणं.

आमच्या पोट्टीचा रोल नंबर सतरा. संध्याकाळी घरी आली तर उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली, स्वेटरला पिनेचं भोक, आणि जेवायलाच बसेना. रात्री आईच्या कुशीत जाऊन जी रडली बाप्पा, मला काही सुचेना. मी क्लास ग्रुपवर लिहिलं, तिथे आधीच पेटलेलं होतं, एक वकील पप्पा आहेत त्यांनी आरटीईचं कलम १७ टाकलं, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी वगैरे, आणि मग सकाळी नऊ वाजता मी थेट मुख्याध्यापकांना फोन लावला. एकदम तावातावात. पंधरा मिनिटांत प्रयोग बंद. मॅडमना वर्गासमोर सॉरी म्हणायला लावलं. ग्रुपवर मला सतरा अंगठे आले, आणि मी काहीतरी मोठं केलं अशा थाटात तुला फोन लावला.

आणि तू म्हणतो, "एका दिवसात रडली का बे? आमच्याकडे तर वार्षिक सबस्क्रिप्शन होतं."

मला तेव्हा ते लागलं. म्हटलं याला पोरीचं काहीच नाही का. मग तुला चूक ठरवायला म्हणूनच मी त्या मूळ प्रयोगाबद्दल वाचायला बसलो, खरं सांगतो, मुद्दे गोळा करायला.

तर तो अमेरिकेतला. आयोवा राज्यातलं राइसविल नावाचं छोटं गाव, तिसरीची बाई, जेन एलियट. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ते, गोळी घातली आणि दुसऱ्याच दिवशी या बाईंनी वर्गातल्या पोरांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले, निळे आणि तपकिरी. एक गट हुशार, चांगला, त्याला जास्त वेळ सुट्टी. दुसऱ्याने पाणी वेगळं प्यायचं, खेळायला यांच्यात यायचं नाही. कारण म्हणून मेलॅनिनचं काहीतरी खोटंच शास्त्र सांगितलं. करून बघायचं का असं पोरांना आधी विचारलं होतं म्हणतात, पण आठ वर्षांचं पोर कशालाही हो म्हणतं, ते सोड. पुढे एका वर्षीच्या वर्गाचं शूटिंग झालं आणि १९७० मध्ये तिकडच्या टीव्हीवर दाखवलं. त्यात खालच्या ठरवलेल्या पोरांच्या गळ्यात कापडी कॉलर आहे. अक्षरांचे कार्ड वाचायला कॉलरवाल्यांना पहिल्या दिवशी साडेपाच मिनिटं लागली, दुसऱ्या दिवशी कॉलर निघाली आणि त्याच पोरांनी अडीच मिनिटांत संपवलं. आदल्या दिवशी डोक्यात कॉलरच होती म्हणे. आणि सुट्टीत मारामारी, कशावरून तर कोणीतरी "ए तपकिरी डोळे" म्हटलं. म्हणजे रात्रीतून डोळ्यांचा रंग ही शिवी झाली. आमच्या शाळेत तर छोट्या सुट्टीपर्यंतच "ए पिवळ्या" चालू झालं होतं, पोरगी सांगत होती.

पण त्या बाईंचा प्रयोग दोन दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी सगळं उलटं. काल जो वर होता तो आज खाली. आणि शेवटी कॉलर काढून बसून बोलणं, काय वाटलं, का वाटलं. पोरांनी त्या कॉलरी कचऱ्यात फेकल्या, एक तर दातांनी फाडून राहिला होता. ते पाहिलं आणि माझ्या पोटात गोळाच आला रे. आमच्या मॅडमचाही दुसरा दिवस ठरलेला होता. रिबन समवाल्यांना जाणार होती आणि तिसऱ्या दिवशी डबल पिरियड बोलायला ठेवला होता, हे सगळं तिने आधी लिहून ऑफिसला दिलेलं होतं, नंतर कळलं. माझा फोन गेला तो पहिला दिवस आणि दुसरा दिवस याच्या बरोब्बर मध्ये. म्हणजे विषम नंबरवाले खाली बसून पाणी प्यायले ते प्यायले, आणि समवाल्यांनी एक दिवस साहेबी केली आणि मजेत घरी गेले. त्यांना काय शिकवलं गेलं मग? की वरून पाणी ओतायला मजा येते आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे तरी पप्पा सगळं बंद करतात.

तरी मी मॅडमना सर्टिफिकेट देऊन राहिलो नाही, थांब. घरच्यांना आधी सांगितलं नाही हे चूकच. एलियटबाईंवरही हीच टीका झाली, अजून होते, की एवढ्याशा पोरांना फसवून रडवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, आणि गावाने तर तिच्या घरच्या पोरांना सुद्धा छळलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९६७ ला, कॅलिफोर्नियात रॉन जोन्स नावाच्या मास्तरने हायस्कूलमध्ये नाझी कसे तयार होतात हे दाखवायला शिस्तीची चळवळच काढली, सलाम काय, मेंबरशिप कार्ड काय, आठवड्याभरात ते त्याच्याच हाताबाहेर गेलं. म्हणजे वर्गात असं काही पेटवलं की विझवायचं कसं ते आधी माहीत पाहिजे. एवढं माझं मत तेव्हाही होतं, आताही आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला पोरीने सांगितली, ते पण चार दिवसांनी, डबा घासायला टाकता टाकता, सहज.

वर्गात एक पोरगी आहे, इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून व्हॅनने येते. नाव नाही लिहीत. रोल नंबर सम, म्हणजे रिबन नाही, म्हणजे त्या दिवशी ती "वरची". पाणी ओतायची पाळी तिच्यावर आली, समोर आमची पोट्टी ओंजळ धरून उभी. त्या पोरीने जग उचलला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि बेंचवर ठेवून दिला. म्हणाली, तुमचं तुम्ही घ्या. मॅडम म्हणाल्या, बेटा, रूल आहे, आज असंच करायचंय. ती म्हणाली, मी नाही ओतणार. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. मग मॅडमनी तिला गेममध्ये कोऑपरेट करत नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत. पाणी मग दुसऱ्या पोट्ट्याने ओतलं, वरून, चांगलं दीड फुटावरून, हसत हसत. बाही ओली झाली ती तेव्हा.

आता सांग. ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज होते, मी मोजले नाहीत पण एवढे तरी असतील, त्यात या पोरीबद्दल एक अक्षर नाही. तिच्या घरून कोणी काही लिहिलं नाही, ग्रुपवर आहेत की नाही तेही मला माहीत नाही. आम्ही सगळे रडलेल्यांच्या बाजूने भांडत होतो. जी रडली नाही आणि बाहेर उभी राहिली, तिची कोणाला आठवणच नाही.

राइसविल पूर्ण गोऱ्यांचं गाव होतं. त्या वर्गात एकही काळं पोर नव्हतं, म्हणून त्या बाईंना डोळ्यांचा रंग शोधावा लागला. तिथे कोणालाच माहीत नव्हतं तर करून दाखवलं, समजू शकतो. पण हे नागपूर आहे ना राजा! दीक्षाभूमीचा घुमट शाळेच्या व्हॅनमधून रोज दिसतो, १४ ऑक्टोबर १९५६ चा बाबासाहेबांच्या दीक्षेचा दिवस ज्यांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिला असे पोट्टे वर्गात बसले आहेत, आणि आम्ही रोल नंबर काढून भेदभाव कसा असतो ते शिकवून राहिलो. ज्या पोरीला तिच्या आजीने जगमधून वरून पाणी म्हणजे काय ते सांगितलं असेल तिलाच जग हातात देऊन म्हणतो की ओत. ज्यादा झालं ते इथे झालं. आमची रडली ते ज्यादा नाही झालं, हे आता मी लिहून देतो, आणि तिच्या आईला हे वाक्य दाखवणार नाही.

आणि वर्षभर रिबन न लावता जे चालतं त्याला कोणी कलम १७ लावत नाही. आपल्या सहावीत सर जुलैमध्ये रजिस्टर घेऊन यायचे, "एससी, एसटीवाले उभे राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म." तू उभा राहायचा, आणखी सहा सात जण. नुसतं उभं राहून होत नव्हतं, एकेकाने मोठ्याने जात सांगायची, सर लिहून घ्यायचे, स्पेलिंगसकट विचारायचे. मग मागून कोणीतरी "फुकटे". मी म्हटलं नव्हतं. पण मधल्या सुट्टीत तुला विचारलं होतं, तुला किती भेटतात बे? तू म्हटला होता, तुला कायले पाहिजे. त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही आणि मला कारणच कळलं नव्हतं.

दुसरं एक आहे. तीस वर्षं झाली, मी लिहिलं नाही तर कधीच बोलणार नाही. आमच्या घरी तुला पाणी द्यायचा एक स्टीलचा ग्लास होता, काठाला पोचा आलेला. तो खिडकीत ठेवलेला असायचा, बाकीच्या भांड्यांत नाही. आजीचं होतं ते, पण आई द्यायची त्यातच, आणि आणून मीच द्यायचो. मला माहीत होतं. सुरुवातीला नसेल, पण सहावी संपता संपता पक्कं माहीत होतं. सातवीपासून तू स्वतःची बॉटल आणायला लागला, ती हिरवी, गळ्यात अडकवायची. आई म्हणाली, किती शहाणा पोरगा आहे, बाहेरचं पाणी पीत नाही. मी हो म्हटलं.

२००६ ला खैरलांजी झालं, दलित कुटुंबाचं ते हत्याकांड, तेव्हा आपण रोज तर्री पोहे खायला भेटत होतो आणि त्यावर एक शब्द बोललो नाही, ते पण मला आता आठवून राहिलं. तू विषय काढला नाही म्हणून मी काढला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

बरं, पुढचं. सोमवारी मी शाळेत गेलो. मॅडमना भेटलो, म्हटलं फोन मी केला होता. बाई घाबरलीच, पंचवीस सव्वीसची असेल, काँट्रॅक्टवर आहे, तिला वाटलं हा आणखी काही घेऊन आला. मी म्हटलं तो बोलायचा डबल पिरियड तेवढा घ्या, प्रयोग नको पण बोलणं होऊ द्या, आणि त्या पोरीला आधी घ्या, तिने जग का ठेवला ते विचारा, तिला सांगायचं असेल तरच हां. ग्रुपवर कोणी बोंबललं तर मी आहे. मॅडम खाली बघत म्हणाल्या, सर, ती मला त्याच दिवशी व्हरांड्यात म्हणाली होती की मॅडम तुम्ही पण ओतू नका. आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी अजून परवानगी दिलेली नाही, बघू. मी रोज सकाळी नऊलाच फोन करतो, सवय लावून ठेवली आहे त्यांना.

आता पोरीचं. काल रात्री तिला सहावीच्या रजिस्टरचं सांगितलं, तुझं नाव घेऊन. ग्लासचं नाही सांगितलं, तिथे आजीचा फोटो लागलेला आहे, हिंमत झाली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका उभे राहायचे तेव्हा तुम्ही काय करत होते?

म्हटलं, मी कंपास नीट लावत बसायचो. खाली बघून.

"पूर्ण वेळ?"

"हो."

"कंपासमध्ये एवढं काय असतं?"

रविवारी दुपारी फोन कर, तिला तुझ्याशी बोलायचं आहे, काय विचारणार ते मला सांगत नाही. आणि डिसेंबरात येतो म्हणाला होता ते खरं कर, संत्री सुरू झाली आहेत, या वेळी चांगली गोड आहेत. बॉटल आणली तरी चालेल.

तुझाच,
कंपासवाला